आईचा गुडघा, बायोफिल्म आणि 'तुमची प्रतिकारशक्तीच कमी आहे' हे वाक्य

रानजाई

आईचा उजवा गुडघा बदलला तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची होती. पहिले आठ महिने छान गेले. जिना चढायची, पहाटे फुलं आणायला जायची. मग गणपतीच्या आधी गुडघा ठणकायला लागला. ताप नाही, लाली फारशी नाही, फक्त हात लावला की दुसऱ्या गुडघ्यापेक्षा गरम लागायचा. दहा दिवस गोळ्या घेतल्या, उतार पडला. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी टाक्यांच्या जुन्या रेषेवर टाचणीच्या डोक्याएवढं भोक पडून पू यायला लागला. पुवातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघतात त्या कल्चरचा रिपोर्ट आला, 'नो ग्रोथ', म्हणजे काहीच वाढलं नाही. आणि तेव्हा ज्यांच्याकडे जात होतो ते डॉक्टर आईला म्हणाले, "आजी, औषध बरोबर आहे, तुमची प्रतिकारशक्तीच कमी आहे."

आईने ते मनाला लावून घेतलं. सोमवार सोडला, रात्रीचं दूध वाढवलं. आपल्याच अंगात काही खोट आहे असं तिला वाटायला लागलं. मी अकरा वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, तरी त्या खोलीत मला तोंड उघडता आलं नाही. आता तिचं सगळं पार पडलं आहे, म्हणून जे तेव्हा बोलायला हवं होतं ते इथे लिहिते.

तिच्या पांढऱ्या पेशी कमी पडल्या नव्हत्या. त्या येत होत्या, लढत होत्या आणि ढिगाने मरत होत्या. पू दुसरं काय असतो? फरक पडला होता तो जंतूंच्या राहणीत.

माठ आठ दिवस घासला नाही की आतून बुळबुळीत लागतो. ती बुळबुळ म्हणजे बायोफिल्म. जिवाणू पृष्ठभागाला चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती एक चिकट लगदा तयार करतात. त्यात लांब साखळीच्या शर्करा असतात, प्रथिनं असतात आणि मेलेल्या भाऊबंदांचा डीएनए असतो. धातूच्या सांध्यावर, लघवीच्या नळीवर, हृदयाच्या कृत्रिम झडपेवर हेच घडतं. धातूला रक्तपुरवठा नसतो, स्वतःच्या पेशी नसतात, त्यामुळे तिथे बसणाऱ्याला हुसकून लावायला जागेवर कोणी नसतं.

याचा हिशेब १९५७ साली इलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेवर मांडला होता. नुसत्या त्वचेत पू धरायला स्टॅफिलोकॉकस जंतू काही दशलक्ष टोचावे लागत. त्याच जागी रेशमी टाक्याचा धागा असला की काही शेकडा पुरत. माणसं निरोगी, पेशी त्याच. फक्त एक धागा मधे आला.

आता पेशींच्या बाजूने बघा. न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी साधारण १० ते १२ मायक्रोमीटरची. सुटा जिवाणू एका मायक्रोमीटरच्या आसपास, तो तिला सहज गिळता येतो. पण शेकडो जिवाणू एकमेकांत गुंतलेले, वर चिकट लगदा, आणि सगळं धातूला घट्ट चिकटलेलं. घास तोंडात मावतच नाही. न्यूट्रोफिल मग आपली शस्त्रं बाहेर सोडते. जे विष आणि जी पाचकद्रव्यं तिच्या पोटात, गिळलेल्या जंतूवर पडायची, ती आजूबाजूच्या हाडावर आणि मांसावर पडतात. आईच्या गुडघ्याची ती ऊब म्हणजे ही लढाई.

तिच्या सांध्यावर शेवटी सापडला स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस. हा तुमच्या-माझ्या कातडीवर कायम असतो, एरवी कोणाच्या वाटेला जात नाही. तो एक शर्करा बनवतो, पीआयए नावाची. तिचा विद्युतभार धन असतो. आपल्या पेशी जंतू मारायला जी छोटी प्रथिनं सोडतात त्यांतल्या बऱ्याच जणांचा भारही धनच. चुंबकाची सारखी टोकं समोरासमोर आणल्यावर होतं तसं, ती प्रथिनं जवळ यायला बघतात आणि दूर ढकलली जातात. बायोफिल्म ही अशी तटबंदी आहे की जिच्यातून आपला सैनिक आत शिरूच शकत नाही.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. कोणाच्या घरी असंच चालू असेल तर मोकळेपणाने लिहा.

---

वाटसरू

ताई, वाचताना घशाशी आलं. माझ्या सासऱ्यांचं कंबरेच्या (खुब्याच्या) सांध्याचं ऑपरेशन झालंय, दोन वर्षं झाली. आता जांघेत दुखतंय म्हणतात. ताप नाही म्हणून आम्ही सगळे निर्धास्त होतो.

एक शंका. पू येतोय म्हणजे शरीर जंतू बाहेर टाकतंय, असं आमच्याकडे म्हणतात. ते चुकीचं का?

---

रानजाई

वाटसरू, गळवाच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. गळू फुटतं, पू निघतो, जागा भरून येते, कारण आत चिकटून बसायला काही नसतं. सांध्यावरच्या बायोफिल्ममधून जो पू येतो तो लढून मेलेल्या पेशींचा. वस्ती मागे जागच्या जागी राहते. भोक बंद झालं तर बरं झालं असं समजू नका. आम्ही दोनदा समजलो होतो.

---

पेट्रीडिश

लेख मनापासून आवडला, पण शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही आणि ते दुरुस्त व्हावं असं वाटतं. 'सैनिक आत शिरूच शकत नाही' हे पूर्वी मानलं जायचं. २००२ साली लीड आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या पांढऱ्या पेशी स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या बायोफिल्मवरून वाहत्या द्रवात सोडल्या. पेशी चिकटल्या, आत शिरल्या, खोलवर पोचल्या. आणि तिथे, जिवाणूंच्या गराड्यात असूनही, त्यांनी गिळलं काहीच नाही. पुढच्या वर्षी स्युडोमोनास या दुसऱ्या जिवाणूच्या बायोफिल्मवर असंच दिसलं. न्यूट्रोफिल गोल होऊन एका जागी थांबल्या, आपलं विष ओतत राहिल्या, हालचाल जवळजवळ बंद.

म्हणून मला तट ही उपमा पटत नाही. दार उघडंच असतं. आत गेलेल्याचे हातपाय चालत नाहीत.

का चालत नाहीत याचं उत्तर जंतूगणिक वेगळं आहे. स्युडोमोनास एरुजिनोसा ऱ्हॅम्नोलिपिड नावाचा साबणासारखा पदार्थ सोडतो, तो न्यूट्रोफिलचं आवरणच फोडतो. तो कधी सोडायचा हे ठरतं जिवाणूंच्या आपसातल्या रासायनिक निरोपांवरून, ज्याला कोरम सेन्सिंग म्हणतात. थोडे असताना गप्प राहायचं, पुरेसे जमले की एकदम सोडायचा. डेन्मार्कमधल्या गटाने हे दाखवलं, आणि ज्या जिवाणूंची ही निरोपांची यंत्रणा बिघडवली होती त्यांना न्यूट्रोफिलनी व्यवस्थित खाल्लं.

ऑरियसची तऱ्हा वेगळी. त्याची विषं मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना मारतात किंवा निकामी करतात. न्यूट्रोफिल कधीकधी स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून जंतू अडकवतात, हे २००४ मध्ये बर्लिनच्या गटाने पहिल्यांदा दाखवलं. ऑरियसकडे ते जाळं कापणारं विकर आहे. त्यावर कडी म्हणजे, कापलेल्या तुकड्यांपासून तो डीऑक्सिअॅडेनोसिन बनवतो आणि त्याने मॅक्रोफेज मरतात. आपल्याच जाळ्याचे धागे आपल्याच पेशींवर उलटतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो.

---

रानजाई

पेट्रीडिश, चूक मान्य. मी वर्गातही तटाचीच उपमा देते, ती आता सोडते. मूळ लेखातलं वाक्य तसंच ठेवते, म्हणजे तुमचा प्रतिसाद वाचणाऱ्याला संदर्भ कळेल.

तुमच्या म्हणण्यात एक भर घालते, कारण मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. ऑरियसची बायोफिल्म पेशींना मारते, शिवाय त्यांचं मनही वळवते. मॅक्रोफेज दोन प्रकारे वागू शकतात: जंतूवर तुटून पडायचं, किंवा जखम भरायच्या कामाला लागायचं. नेब्रास्कातल्या टॅमी कीलियन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवर दाखवलं की बायोफिल्मभोवती दुसऱ्या प्रकारचं वागणं वाढतं, आणि इतर पेशींना शांत करणाऱ्या पेशीही तिथे गोळा होतात. त्याच गटाच्या नंतरच्या कामात एक कारण सापडलं, बायोफिल्म सोडत असलेलं लॅक्टेट. ते पेशीत गेलं की तिच्या जनुकांवरचा एक लगाम सुटतो आणि ती आयएल-१० हा 'शांत व्हा' असा निरोप देऊ लागते. म्हणजे आगीच्या ठिकाणी पोचलेल्या माणसाला कोणीतरी सांगतं, आग विझली आहे, आता भिंती सारवायला घ्या.

---

निशिगंध_कोपनहेगन

धागा बघून राहवलं नाही. मी इथे सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांबरोबर श्वसनाच्या व्यायामाचं काम करते. हा आजार आपल्याकडे कमी ऐकू येतो. जन्मजात असतो, फुफ्फुसातला कफ घट्ट होतो आणि त्यात स्युडोमोनास घर करतो. आमच्या शहरात नील्स हॉइबी यांनी सत्तरच्या दशकात या मुलांच्या कफात सूक्ष्मदर्शकाखाली जंतूंचे गोळेच्या गोळे पाहिले. पुढे बिल कॉस्टरटन यांनी बायोफिल्म हा शब्द वैद्यकात रुजवला, पण ते चित्र इथे आधी दिसलं होतं याचा इथल्या लोकांना अजून अभिमान आहे.

रानजाईताईंच्या आईंना जे सांगितलं गेलं त्याचं याहून थेट उत्तर मला माहीत नाही: हॉइबींनी पाहिलं की ज्या मुलांच्या रक्तात स्युडोमोनासविरुद्धची प्रतिद्रव्यं जास्त, त्यांची फुफ्फुसं जास्त वेगाने बिघडत होती. प्रतिकार कमी नव्हता, भरपूर होता. प्रतिद्रव्यं जंतूंच्या तुकड्यांना चिकटून गुठळ्या बनवत, त्यावर न्यूट्रोफिल धावून येत, आणि मार खात ते फुफ्फुस. गोळ्याच्या आतले जंतू सुखरूप.

मग या पेशींना येऊच द्यायचं नाही असं केलं तर? तेही करून पाहिलं गेलंय. न्यूट्रोफिलना बोलावणारा रासायनिक निरोप अडवणारं एक औषध या रुग्णांना देण्यात आलं. चाचणी मधेच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांचा फुफ्फुसातला संसर्ग जास्त भडकू लागला. म्हणजे त्या पेशी वस्ती उठवू शकत नसल्या तरी तिला वेस ओलांडू देत नाहीत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. हरतायत असं दिसणाऱ्या पेशीच रुग्णाला जगवत असतात.

इथे उत्तर शोधलं ते वेळेत. गोळे बनायच्या आधी, कफात स्युडोमोनास पहिल्यांदा दिसल्याबरोबर, वाफेतून कोलिस्टिन आणि पोटातून सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही अँटिबायोटिक्स. १९९१ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज मी ज्या तिशीतल्या माणसांना व्यायाम शिकवते त्यांतले कितीतरी जण त्या सवयीमुळे इथवर आलेत.

---

गवतीचहा

गुळवेलीचा काढा, हळद, च्यवनप्राश यांनी प्रतिकारशक्ती वाढते ना? ती वाढली तर पेशी जास्त जोमाने लढतील. डॉक्टरी औषधाच्या जोडीला द्यायला काय हरकत?

---

रानजाई

गवतीचहा, तुमचा प्रश्न प्रेमापोटीच आहे हे कळतंय, आमच्याही घरी काढे झाले. पण निशिगंध यांनी लिहिलेलं पुन्हा वाचा. सैनिक कमी पडले म्हणून हा आजार टिकत नाही, त्यामुळे सैनिक वाढवून तो जाणार नाही. काढ्यात आणि च्यवनप्राशात गेलेले ते तीन महिने मला परत मिळाले असते तर मी ते सांध्यातलं पाणी तपासण्यात घालवले असते. शिवाय शस्त्रक्रियेच्या आधी जे काही पोटात घ्याल ते डॉक्टरांना सांगून घ्या, एवढी विनंती.

---

ऑर्थो_विदर्भ

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. सांधे बदलण्याचं काम वीस वर्षं करतो. रानजाई, तुमच्या आईंना जे वाक्य ऐकावं लागलं ते माझ्या पेशातल्या माणसाने उच्चारलं याचं मला वाईट वाटतं.

नेहमीच्या पहिल्या सांधेबदलात असा संसर्ग शंभरात एक-दोघांना होतो. बाकीच्या अठ्ठ्याण्णवांना होत नाही, म्हणून वाचणाऱ्यांनी ऑपरेशनला घाबरू नये. पण त्या एक-दोघांचं नुकसान बहुतेकदा एकाच चुकीने वाढतं. सांधा गरम लागला की कोणीतरी अँटिबायोटिक लिहून देतं. सुटे जंतू मरतात, दुखणं उतरतं, बायोफिल्म तशीच राहते. वर कल्चर नापीक निघतं. तुमचा 'नो ग्रोथ' बहुधा असाच आला असणार. आधी सुईने सांध्यातलं पाणी काढायचं, मग औषध. रुग्ण तापाने फणफणला असेल, रक्तदाब घसरत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे थांबायचं नाही. पण महिनोन्महिने कुरकुरणाऱ्या गुडघ्यात घाई कसलीच नसते. औषध चालू असेल तर शक्य असल्यास दोन आठवडे बंद ठेवून पाणी काढावं, आणि प्रयोगशाळेला सांगावं की कल्चर १४ दिवस ठेवा. हे जंतू संथ वाढतात.

काढलेला सांधा ध्वनिलहरींच्या पाण्यात हलवून त्यावरचे जंतू सुटे करून वाढवतात. २००७ साली मेयो क्लिनिकच्या अभ्यासात या पद्धतीने सुमारे ७९ टक्के संसर्ग पकडले गेले, नेहमीच्या ऊतींच्या कल्चरने ६१ टक्के. सगळीकडे सोय नसते, तरी विचारावं.

उपचाराचं गणित वस्तीच्या वयावर आहे. लक्षणं सुरू होऊन तीन-चार आठवडेच झाले असतील आणि सांधा हाडात घट्ट असेल तर तो उघडून, खरवडून, धुऊन, प्लास्टिकचा भाग बदलून वाचवता येतो. स्टॅफिलोकॉकस असेल तर जोडीला रिफाम्पिसिन. होय, टीबीचंच औषध, ज्याने लघवी लाल होते. १९९८ च्या एका छोट्या चाचणीत सिप्रोफ्लॉक्सॅसिनबरोबर ते घेऊन कोर्स पुरा केलेले १२ पैकी १२ बरे झाले, नुसत्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनवर १२ पैकी ७. मात्र ते एकटं कधीच द्यायचं नाही, जंतू काही दिवसांत त्याला निर्ढावतात. स्वतःच्या मनाने तर मुळीच घेऊ नका.

वस्ती जुनी असेल तर धातू काढावाच लागतो.

---

रानजाई

डॉक्टर, आभार. आमचं जुन्यातच निघालं. दुसऱ्या शहरातल्या एका सर्जननी पहिल्याच भेटीत आईला सांगितलं, "मावशी, तुमचं शरीर चांगलं लढतंय. धातूला चिकटलेल्या जंतूंपुढे पेशींचं काही चालत नाही, म्हणून धातू काढू या." आई तिथेच रडली. सांधा काढला, जागी अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा ठेवला, सहा आठवडे शिरेतून आणि पोटातून औषधं, मग नवा सांधा. त्या सहा आठवड्यांत ती वॉकर घेऊन फक्त न्हाणीघरापर्यंत जायची. वडील रोज तिच्या खुर्चीशेजारी बसून पेपर मोठ्याने वाचायचे.

---

सह्यकडा

माझ्या मते मूळ चूक थिएटरच्या स्वच्छतेचीच असणार. लोक उगाच शास्त्रात गुंतवतात. तक्रार करायला हवी होती.

---

रानजाई

सह्यकडा, स्वच्छतेबद्दल विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे आणि मी विचारलंही. पण हा जंतू आईच्याच कातडीवरचा असू शकतो. उत्तम थिएटरमध्येही कातडी पूर्ण निर्जंतुक होत नाही, केसांच्या मुळाशी काही उरतातच, आणि वर सांगितलं तसं धातूजवळ फार थोडे पुरतात. माझा राग पहिल्या ऑपरेशनवर नाही. नंतरच्या तीन वेळच्या गोळ्यांवर आहे.

---

इतिहासवेडा

थोडं अवांतर, पण संबंध खरा आहे. १८९६ ला मुंबईत प्लेग आला तो पिसवांतून. प्लेगचा जंतू पिसवाच्या जठराच्या तोंडाशी बायोफिल्म करून रस्ता बुजवतो. रक्त पोटात उतरत नाही, पिसू भुकेने पुन्हापुन्हा चावते आणि अडकलेलं रक्त जंतूंसकट माणसात ओकते. हा अडथळा बेकॉट आणि मार्टिन यांनी १९१४ साली वर्णन केला. तो बायोफिल्म आहे हे फार नंतर कळलं.

---

पेट्रीडिश

अवांतर मुळीच नाही! प्लेगच्या जंतूची ती शर्करा बनवणारी जनुकं आणि रानजाईंनी लिहिलेल्या पीआयएची जनुकं एकमेकांची नातेवाईक आहेत. आणि पिसवाच्या आतून त्या चिकट लगद्यासकट आलेले जंतू माणसाच्या न्यूट्रोफिलना सहज गिळता येत नाहीत. म्हणजे चाव्याबरोबर संरक्षणही आत येतं. तेव्हाच्या मुंबईत जे घडलं आणि काकूंच्या गुडघ्यात जे घडलं, त्यात एका शर्करेचं नातं आहे.

---

मोगरा७१

माझ्या भावाला साखर आहे, तळपायाची जखम पाच महिने भरत नाही. दर आठवड्याला ड्रेसिंगला गेलं की सिस्टर वरचा राखाडी पापुद्रा खरवडतात, रक्त येतं, तो कळवळतो. भरत आलेली जखम मुद्दाम उघडतात असं वाटून आम्ही दोनदा गेलोच नाही. हाच प्रकार का?

---

ऑर्थो_विदर्भ

बहुतेक हाच. २००८ साली ५० जुनाट जखमांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, ३० मध्ये बायोफिल्म होती. ताज्या १६ जखमांपैकी एकीत. खरवडल्यावर वस्ती विस्कटते, जंतू काही काळ सुटे होतात, आणि तेवढ्या वेळात पेशींना आणि औषधाला ते सापडतात. एक-दोन दिवसांत थर पुन्हा बसू लागतो, म्हणून ते परत परत करावं लागतं. मोगरा, ड्रेसिंग चुकवू नका. साखर जास्त असेल तर न्यूट्रोफिलही मंदावतात, म्हणून तीही आटोक्यात हवी. पायाचा रक्तपुरवठा तपासला आहे का? नसेल तर याच आठवड्यात करून घ्या.

---

मोगरा७१

नाही तपासला. उद्याच नेते त्याला. धन्यवाद डॉक्टर.

---

वाटसरू

अपडेट देतो. सासऱ्यांना काल दाखवलं. रक्तातला सीआरपी, म्हणजे अंगात कुठे दाह आहे का ते दाखवणारा आकडा, वाढलेला निघाला. डॉक्टर गोळ्या लिहायला लागले तेव्हा मी धीर करून विचारलं, आधी पाणी काढून बघता येईल का. ते क्षणभर थांबले, मग हो म्हणाले. सोमवारी सोनोग्राफीत बघून सुई घालणार आहेत. कल्चर १४ दिवस ठेवायचं हे चिठ्ठीवर लिहून घेतलंय. सासरे विचारत होते, माझ्या अंगात ताकद नाही म्हणून झालं का रे हे? त्यांना रानजाईताईंचा लेख वाचून दाखवला. रेशमाच्या धाग्याचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला.

---

रानजाई

वाटसरू, सोमवारी काय झालं ते नक्की लिहा. आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती विचारतेय, सासऱ्यांना सांध्याच्या जागी रात्री उशी कुठे ठेवली की बरं वाटतं ते सांगू का. आमचा गुडघा होता, त्यांची कंबर आहे, त्यामुळे तिला म्हटलं आधी डॉक्टरांना विचारू दे.